निधर्मी शाळेचे बंधन कोणावर?

भिंती आणि शिक्षक

फ्रान्सच्या तिसऱ्या प्रजासत्ताकाने २८ मार्च १८८२ रोजी मंजूर केलेल्या शिक्षणविषयक कायद्याने सहा ते तेरा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलामुलीस शिक्षण सक्तीचे केले, ही गोष्ट इतिहासाच्या सामान्य वाचकासही ठाऊक असते. परंतु त्याच कायद्याच्या पहिल्या कलमात प्राथमिक शाळेत शिकवावयाच्या विषयांची जी यादी दिलेली आहे, तिच्या अग्रभागी झालेला एक फेरफार सक्तीच्या तरतुदीइतकाच दूरगामी ठरला, आणि आज मुसलमान मुलींच्या वेषावरून त्या देशात जो वाद माजलेला आहे त्याचे मूळ शोधावयाचे तर आरंभ तेथूनच केला पाहिजे. १८५० च्या कायद्यात या यादीत प्रथमस्थानी 'नैतिक व धार्मिक शिक्षण' होते आणि गावच्या पाद्र्यास शाळेवर देखरेख करण्याचा अधिकार होता. १८८२ साली शिक्षणमंत्री ज्यूल फेरी यांच्या पुढाकाराने त्या जागी 'नैतिक व नागरिक शिक्षण' आले आणि पाद्र्याचा देखरेखीचा अधिकार संपुष्टात आला. त्याचबरोबर, ज्या आईबापांना आपल्या मुलांस धर्मशिक्षण द्यावयाचे असेल त्यांना ते शाळेच्या इमारतीबाहेर देता यावे म्हणून, रविवारखेरीज आठवड्यातून आणखी एक दिवस शाळा बंद ठेवण्याची तरतूदही याच कायद्याने केली. हा दिवस पुढे दीर्घकाळ गुरुवार होता. १९७२ पासून तो बुधवार झाला.

चार वर्षांनी, ३० ऑक्टोबर १८८६ रोजी, रने गोब्ले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने सरकारी प्राथमिक शाळांतील शिक्षकवर्ग संन्यस्त पाद्री व जोगिणी यांच्याकडून काढून सर्वस्वी सामान्य नागरिकांच्या हाती सोपविण्याचे ठरविले. शाळांच्या भिंतींवरील क्रूसही कालांतराने उतरले, पण जेथे लोकांचे मन दुखावेल तेथे उतावीळ करू नये असेच सरकारचे धोरण होते. फेरी यांनी नोव्हेंबर १८८३ मध्ये देशातील प्राथमिक शिक्षकांना एक पत्र पाठविले. आपण जे सांगणार आहोत ते ऐकण्यास वर्गात एखाद्या मुलाचा बाप बसलेला असता तर प्रामाणिकपणे त्याचे मन दुखावले असते काय, असे शिक्षकाने बोलण्यापूर्वी स्वतःस विचारावे, आणि तशी शंका आली तर गप्प राहावे, असा त्या पत्राचा आशय होता. शिक्षकाच्या वाणीवर घातलेला हा संयम फ्रेंच शाळेच्या परंपरेत आजही आदराने सांगितला जातो.

या साऱ्या व्यवस्थेत बंधन कोणावर पडले हे नीट पाहण्याजोगे आहे. ते अभ्यासक्रमावर पडले, भिंतीवर पडले, शिक्षकावर पडले. सारांश, ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांच्यावर पडले. मूल ज्या घरातून येई त्या घराचा धर्म विचारण्याचे शाळेला कारण उरले नाही आणि तो पुसून टाकण्याचेही कारण उरले नाही. राज्यसत्तेने श्रद्धेच्या बाबतीत मौन पाळावयाचे, ते अशासाठी की त्या मौनाच्या छायेत प्रत्येक घराच्या श्रद्धेला आणि अश्रद्धेलाही सारखीच जागा मिळावी, ही त्या काळच्या सुधारकांची धारणा होती, आणि तिच्यातच निधर्मी शाळेचे नैतिक सामर्थ्य होते असे मी मानतो.

झग्याचा प्रश्न आणि अल्जीरियाचा अपवाद

९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने चर्च आणि राज्य यांची फारकत पूर्ण झाली. त्याच्या पहिल्या कलमाने सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याची हमी दिली, आणि दुसऱ्याने प्रजासत्ताक कोणत्याही पंथास मान्यता, वेतन अथवा अनुदान देणार नाही असे जाहीर केले; तथापि त्याच दुसऱ्या कलमात, शाळा, रुग्णालये, तुरुंग अशा ठिकाणी राहणाऱ्यांना उपासनेची सोय व्हावी म्हणून धर्मोपदेशक नेमण्याच्या खर्चास मुभा ठेवली होती. जो बाहेर जाऊ शकत नाही त्याच्या श्रद्धेची सोय राज्यानेच लावली पाहिजे, एवढे औदार्य त्या कडव्या संघर्षाच्या काळातही कायदा करणाऱ्यांपाशी होते.

या विधेयकावर चर्चा चालू असता शार्ल शाबेर नावाच्या एका प्रतिनिधीने पाद्र्यांना सार्वजनिक ठिकाणी आपला लांब काळा झगा घालण्यास मज्जाव करावा अशी उपसूचना मांडली. झगा घालणारा माणूस आपल्याच वेषाचा बंदिवान होतो, तो उतरविला की त्याचे मन मोकळे होईल, असा युक्तिवाद तिच्या बाजूने झाला. विधेयकाचे प्रवक्ते आरिस्तीद ब्रियाँ यांनी तिला विरोध केला. स्वातंत्र्याची राजवट प्रस्थापित करू पाहणाऱ्या कायद्याने माणसांना कपडे बदलण्याची सक्ती करणे हास्यास्पद ठरेल, आणि एका झग्यास बंदी केली तर पाद्री व शिंपी मिळून लवकरच दुसरा एखादा वेष तयार करतील, असे त्यांनी सभागृहास बजावले. उपसूचना बहुमताने फेटाळली गेली. चर्चच्या सत्तेशी पंचवीस वर्षे झुंजलेल्या लोकांनी चर्चच्या वेषाला हात लावण्याचे नाकारले, ही घटना पुढील इतिहास वाचताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या कायद्याच्या अंमलात प्रारंभापासून दोन मोठे अपवाद राहिले. अल्सास व मोसेल हा मुलूख १९०५ साली जर्मनीच्या ताब्यात होता. तो पहिल्या महायुद्धानंतर परत आला तेव्हा तेथील जुना धर्मविषयक करार तसाच ठेवण्यात आला, आणि आजही तेथील सरकारी शाळांत कॅथलिक, ल्यूथरपंथी, कॅल्व्हिनपंथी व यहुदी धर्मशिक्षण देण्याची कायदेशीर तरतूद आहे. इस्लाम मात्र त्या यादीत नाही. दुसरा अपवाद अल्जीरियाचा. तेथे हा कायदा १९०७ च्या एका हुकुमान्वये लागू झाला खरा, पण वसाहतीच्या सरकारने मशिदी व इमाम यांच्यावरील आपला ताबा सोडला नाही, कारण रयतेच्या धर्मावर नजर ठेवणे त्याला राजकीय दृष्ट्या आवश्यक वाटत होते. १९३१ मध्ये अब्दुल हमीद बेन बादिस यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या अल्जीरियन उलेमांच्या संघटनेने पुढे जी मागणी केली ती हीच होती की, फारकतीचे तत्त्व इस्लामलाही लागू करा आणि आमच्या मशिदी आमच्या स्वाधीन करा. ज्या तत्त्वाची महती फ्रान्स जगाला सांगत होता ते तत्त्व मुसलमान प्रजा मागत होती आणि राज्यकर्ते ते देण्याचे टाळीत होते. पुढे याच प्रजेची मुले व नातवंडे कामगारांच्या वस्त्यांतून फ्रेंच शाळांत आली, तेव्हा आपल्या बाबतीत निधर्मीपणाचा पूर्वानुभव कोणता, याची स्मृती त्या घरांतून अगदीच पुसली गेली नव्हती.

क्रेय येथील तीन मुली

पॅरिसच्या उत्तरेस क्रेय नावाचे एक औद्योगिक नगर आहे. फ्रेंच राज्यक्रांतीची द्विशताब्दी साजरी होत असताना, १९८९ च्या सप्टेंबरात, तेथील एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी डोक्यावरील रुमाल उतरविण्यास नकार देणाऱ्या तीन मुलींना वर्गात बसण्यास मनाई केली, आणि एका शाळेपुरती असलेली ही बाब काही आठवड्यांतच राष्ट्रीय प्रश्न बनली. एलिझाबेत बादँतेर, रेजिस दब्रे, आलँ फिंकेलक्रोत प्रभृती पाच विचारवंतांनी एका साप्ताहिकातून अनावृत पत्र लिहून, १९३८ साली म्युनिक येथे हिटलरपुढे पत्करलेल्या शरणागतीची आठवण देत, शिक्षकांना माघार न घेण्याचे आवाहन केले. उलट पक्षी, ज्या शाळेतून मुलींना मुक्तीची आशा आहे तिच्यातूनच त्यांना घालवून देणे हे कोणत्या न्यायात बसते, असा सवाल तितक्याच कळकळीने विचारणारेही बरेच होते.

शिक्षणमंत्री लिओनेल जोस्पँ यांनी हा प्रश्न देशातील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाकडे, म्हणजे राज्यपरिषदेकडे, सल्ल्यासाठी पाठविला. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी परिषदेने दिलेला अभिप्राय समतोल विचाराचा नमुना आहे. विद्यार्थ्याने धार्मिक चिन्ह धारण करणे हे स्वभावतः निधर्मीपणाशी विसंगत नाही. परंतु ते चिन्ह दबाव, चिथावणी, धर्मप्रसार वा प्रचार यांचे साधन बनत असेल, विद्यार्थ्याच्या अथवा इतरांच्या प्रतिष्ठेस व सुरक्षिततेस बाध आणीत असेल, किंवा अध्यापनात व्यत्यय घडवीत असेल, तर शाळेला ते रोखण्याचा अधिकार आहे, असे परिषदेने सांगितले. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील जुना भेद तिने कायम राखला. शिक्षक हा राज्याचा प्रतिनिधी, म्हणून त्याने कोणतेही चिन्ह धारण करावयाचे नाही. विद्यार्थी हा राज्याच्या सेवेचा लाभ घेणारा, म्हणून त्याचे वर्तन पाहावयाचे, त्याची श्रद्धा पाहावयाची नाही.

तत्त्वतः निर्दोष असलेल्या या निर्णयाची अंमलबजावणी मात्र बिकट होती. प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र चौकशी करावयाची, दबाव कोठे सुरू होतो ते ठरवावयाचे, मुलीशी व तिच्या आईबापांशी बोलावयाचे, आणि इतके करून शाळेने तिला काढून टाकले तर पुढे न्यायालयात तो हुकूम रद्दबातल ठरण्याचा धोका पत्करावयाचा, हे ओझे एकेका मुख्याध्यापकाच्या शिरावर पडले. १९९२ मध्ये राज्यपरिषदेने मोंफेर्मेय येथील एका शाळेचा सरसकट बंदीचा नियम आणि त्याखाली झालेली हकालपट्टी रद्द केली. सप्टेंबर १९९४ मध्ये शिक्षणमंत्री फ्रांस्वा बायरू यांनी परिपत्रक काढून साधी चिन्हे आणि डोळ्यांत भरणारी चिन्हे असा भेद करण्याची सूचना दिली, व त्याच सुमारास हनीफा शेरीफी या अल्जीरियात जन्मलेल्या विदुषीची मध्यस्थ म्हणून नेमणूक झाली. त्या गावोगावच्या शाळांत जाऊन मुलींशी आणि पालकांशी बोलत. त्यांच्या मध्यस्थीने पुष्कळ तंटे हकालपट्टीवाचून मिटले. या संथ कामाची वाखाणणी वृत्तपत्रांतून क्वचितच झाली.

१५ मार्च २००४

तरीही वातावरण शांत झाले नाही. एप्रिल २००२ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत परकीयद्वेषी पक्षाचा उमेदवार दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचला. २००३ च्या आरंभी उपनगरांतील तरुणींनी, वस्तीतील तरुणांची दंडेली आणि उपेक्षा या दोहोंविरुद्ध, फदेला आमारा यांच्या नेतृत्वाखाली देशभर पदयात्रा काढली. त्याच वर्षी जुलैमध्ये अध्यक्ष जाक शिराक यांनी बर्नार स्टासी यांच्या अध्यक्षतेखाली वीस जणांचा आयोग नेमला. त्यात इस्लामी विचारेतिहासाचे थोर अभ्यासक मोहम्मद आर्कून होते, तसेच निधर्मीपणाचे इतिहासकार झाँ बोबेरो हेही होते. ११ डिसेंबर २००३ रोजी सादर झालेल्या अहवालात अनेक शिफारशी होत्या. शाळांतून ठळक धार्मिक चिन्हांस बंदी घालावी ही त्यांपैकी एक; आणि यहुद्यांचा योम किप्पुर व मुसलमानांची बकरी ईद हे दोन दिवस देशातील सर्व शाळांना सुटीचे असावेत ही दुसरी. बंदीच्या शिफारशीवर बोबेरो एकटेच तटस्थ राहिले. सरकारने बंदी तत्काळ स्वीकारली. सुट्यांची शिफारस बाजूस ठेवली.

ही बाब किरकोळ नाही. फ्रान्समध्ये कायद्याने मान्य केलेल्या अकरा सार्वजनिक सुट्यांपैकी सहा ख्रिस्ती सणांच्या आहेत, आणि शाळेचे वार्षिक वेळापत्रकही त्यांच्याच अनुरोधाने बसविलेले आहे. आयोगाने दोन पारडी समोर ठेवली होती: मुलांकडून काही मागावयाचे आणि राज्याने स्वतः काही द्यावयाचे. सरकारने पहिले पारडे भरले आणि दुसरे रिकामे ठेवले, आणि ज्यांच्याकडून मागितले त्यांना हा व्यवहार एकतर्फी वाटला, तर त्यात नवल नव्हते.

१० फेब्रुवारी २००४ रोजी राष्ट्रसभेने ४९४ विरुद्ध ३६ अशा बहुमताने विधेयक संमत केले व १५ मार्च रोजी त्याचा कायदा झाला. सरकारी प्राथमिक व माध्यमिक शाळांत, ज्यायोगे विद्यार्थी आपली धार्मिक ओळख ठळकपणे प्रकट करतात अशी चिन्हे व असे वेष यांना त्याने मनाई केली. शिस्तभंगाच्या कारवाईपूर्वी विद्यार्थ्याशी संवाद केलाच पाहिजे अशीही अट घातली. विद्यापीठे व खासगी शाळा यांना तो लागू नव्हता. अंमलबजावणीच्या परिपत्रकाने मुसलमान मुलींचा शिरोवेष, यहुद्यांची टोपी व अतिशय मोठा क्रूस यांचा उदाहरणादाखल उल्लेख केला. गळ्यातील लहान पदकास हरकत नव्हती.

या कायद्याच्या समर्थकांची बाजू उपेक्षणीय नव्हती. काही वस्त्यांत शिरोवेष न घेणाऱ्या मुलींना शिवीगाळ व धमक्या सोसाव्या लागत होत्या, आणि शाळेच्या आवारात सर्वांनाच बंदी असेल तर अशा मुलीला निदान तेवढे तास तरी दबावातून सुटका मिळेल, हा विचार आयोगाच्या बहुसंख्य सभासदांना निर्णायक वाटला. ज्या मुलीला नकार देण्याचे बळ नाही तिच्या वतीने राज्याने नकार द्यावा, या भूमिकेत करुणा होती. पण त्याच क्षणी, स्वेच्छेने शिरोवेष घेणारी आणि सक्तीने घेणारी या दोघींना एकच नियम लागू झाला, आणि १८८२ पासून सत्तेवर असलेले बंधन प्रथमच मुलाच्या शरीरावर आले. बोबेरो यांच्यासारख्या इतिहासकारांना हे स्थलांतर गंभीर वाटले, ते याच कारणाने.

हिशेब काय सांगतो

कायदा लागू झाल्यावर पहिल्याच वर्षाच्या प्रारंभी, ऑगस्ट २००४ मध्ये, इराकमध्ये दोन फ्रेंच पत्रकारांचे अपहरण झाले आणि हा कायदा रद्द करावा अशी अपहरणकर्त्यांनी मागणी केली. फ्रान्समधील मुसलमान संघटनांनी, त्यांत कायद्यास विरोध करणाऱ्याही होत्या, ही मागणी एकमुखाने धुडकावून लावली व आपले प्रतिनिधी बगदादला पाठविले. आपल्या सरकारशी असलेला तंटा हा घरचा तंटा आहे, त्यात बाहेरच्या बंदुकीला स्थान नाही, हे त्यांनी कृतीने दाखविले. त्या शैक्षणिक वर्षात शाळांतून ६३९ प्रकरणांची नोंद झाली. पूर्वीच्या वर्षांच्या मानाने हा आकडा निम्म्याहूनही कमी होता. अखेर ४७ विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी ४४ मुसलमान मुली होत्या आणि तिघे शीख मुलगे होते.

या तीन शीख मुलांची कथा आपल्याकडील वाचकास विशेष जवळची वाटेल. कायदा घडविताना शिखांचा विचार फारसा कोणी केलेलाच नव्हता. मुलांनी पगडीऐवजी केस झाकणारा लहान पटका बांधण्याची तयारी दाखविली; तोही नामंजूर झाला, आणि ५ डिसेंबर २००७ रोजी राज्यपरिषदेने हकालपट्टी कायम केली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने अशाच एका प्रकरणात असे मत दिले की, त्या मुलाच्या वर्तनाने इतरांस कोणता उपद्रव झाला हे फ्रान्सने दाखविलेले नाही, म्हणून त्याला कायमचे काढून टाकणे समर्थनीय नव्हते. याउलट स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने, राज्य आणि धर्म यांचे नाते ठरविण्याच्या बाबतीत प्रत्येक राष्ट्रास पुष्कळ मोकळीक असते या तत्त्वावर, फ्रान्सची बाजू उचलून धरली.

मुलींच्या शिक्षणावर या धोरणाचा परिणाम काय झाला, हा खरा प्रश्न. आणि त्याबाबत संशोधकांचे निष्कर्ष भिन्न आहेत. आला अब्देलगादिर व वासिलिकी फूका यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००४ च्या कायद्याने मुसलमान कुटुंबांतील मुलींचे माध्यमिक शिक्षण पूर्ण होण्यावर प्रतिकूल परिणाम झाल्याचे आढळले. एरिक मोरँ व निकोलास नाव्हारेते यांना मात्र १९९४ च्या परिपत्रकानंतर अशा मुलींची शैक्षणिक प्रगती वाढल्याचे दिसले. दोन्ही निष्कर्ष खरे असणे अशक्य नाही. १९९४ च्या परिपत्रकाबरोबर मध्यस्थी होती आणि न्यायालयाची देखरेख होती. २००४ नंतर नियम सरसकट झाला. एका नियमाखाली शाळा मुलीशी बोलत होती आणि दुसऱ्याखाली बोलण्याचा शेवट आधीच ठरलेला होता, हा फरक परिणामांत उतरला असेल असे मला वाटते. हे अनुमान आहे, पण ते विचारात घेण्याजोगे आहे.

सरकारी शाळेबाहेर पडलेल्यांना वाट कोणती? १९५९ च्या दब्रे कायद्यान्वये फ्रेंच सरकार करारबद्ध खासगी शाळांतील शिक्षकांचे वेतन देते. या शाळा बहुतांशी कॅथलिक आहेत, त्यांत देशातील साधारणतः सहांपैकी एक विद्यार्थी शिकतो, आणि त्यांतील काही शाळांनी शिरोवेष घेणाऱ्या मुसलमान मुलींना आनंदाने प्रवेश दिला. २००३ मध्ये लील येथे निघालेल्या एका मुसलमान शाळेलाही २००८ मध्ये असा करार मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी तो मोडला, पण २०२५ मध्ये प्रशासकीय न्यायालयाने तो मोडण्याचा हुकूम रद्द ठरविला. निधर्मी शाळेने ज्या मुलीला दाराबाहेर ठेवले ती सरकारी पैशावर चालणाऱ्या धार्मिक शाळेत जाऊन बसली, ही परिणती कायद्याच्या कर्त्यांना अभिप्रेत नव्हती.

लांब झगा पुन्हा

यानंतरच्या काळात शाळेवर खरोखरीचे घाव पडले. १६ ऑक्टोबर २०२० रोजी कोंफ्लाँ-सँत-ऑनोरीन येथील इतिहासाचे शिक्षक सॅम्युएल पाती यांची, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा पाठ देताना व्यंगचित्रे दाखविली या कारणावरून, शाळेजवळ निर्घृण हत्या झाली. आणि तीन वर्षांनी आरास येथे दोमिनिक बेर्नार या साहित्याच्या शिक्षकाचा शाळेच्या दारातच खून करण्यात आला. काय शिकवावे याविषयी शिक्षकाच्या मनात भय निर्माण झाले तर शाळा उरतच नाही. म्हणून इतिहास, जीवशास्त्र, साहित्य यांच्या अध्यापनात कोणत्याही धर्माच्या नावाने सूट अथवा आडकाठी सहन करता कामा नये, याबद्दल दुमत असू नये. पण या भीषण गुन्ह्यांचा हिशेब वर्गात मुकाट बसलेल्या एखाद्या मुलीच्या कपड्यांवर मांडणे हा विचारातील घोटाळा आहे, आणि भयग्रस्त समाजाकडून तो फार सहज होतो.

२७ ऑगस्ट २०२३ रोजी शिक्षणमंत्री गाब्रिएल आताल यांनी शाळांतून अबाया, म्हणजे खांद्यापासून पायापर्यंतचा सैलसर झगा, यापुढे चालणार नाही असे दूरचित्रवाणीवरून जाहीर केले. ४ सप्टेंबरला शाळा उघडल्या तेव्हा, देशातील सुमारे १ कोटी २० लाख विद्यार्थ्यांपैकी २९८ मुली तो झगा घालून आल्या व ६७ जणींनी तो उतरविण्यास नकार दिला, असे मंत्र्यांनी सांगितले. ७ सप्टेंबर रोजी राज्यपरिषदेने ही मनाई तातडीने स्थगित करण्याची विनंती अमान्य केली.

अबाया हा धार्मिक वेष आहे की प्रादेशिक, यावर मुसलमान विद्वानांतही एकमत नाही. आणि बाजारात मिळणारा लांब सैल पोशाख एका मुलीच्या अंगावर केवळ पोशाख असतो व दुसरीच्या अंगावर धर्मचिन्ह ठरतो. मग मुख्याध्यापकाने ठरवावे कशावरून? पोशाख एकच असेल तर निर्णय शेवटी मुलीचे नाव, तिचे घराणे, तिची वस्ती यांवर येऊन ठेपण्याचा धोका आहे. आपल्या शिरगणतीत धर्माचा रकाना फ्रेंच राज्याने १८७२ नंतर ठेवलेला नाही, कारण नागरिकाचा धर्म विचारणे त्याला गैर वाटते. परंतु या नियमाखाली त्याच राज्याच्या मुख्याध्यापकास दाराशी उभे राहून एका मुलीचा धर्म तर्काने ओळखावा लागतो. शिंप्यांच्या कल्पकतेविषयी ब्रियाँ यांनी दिलेला इशारा अशा रीतीने खरा ठरला: एक वस्त्र वर्ज्य केले की दुसरे पुढे येते, आणि राज्य वस्त्रांच्या मागे धावत राहते.

आपल्यापुरता विचार

भारताच्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देण्यास मनाई केली आहे, आणि २५ व्या कलमाखालील स्पष्टीकरणाने शिखांचे कृपाण धारण करणे हा धर्माचरणाचा भाग मानला आहे. म्हणजे आपल्या घटनाकारांनीही बंधन प्रथम संस्थेवर घातले. २०२२ मध्ये कर्नाटकात उडुपीपासून हिजाबाचा तंटा सुरू झाला. उच्च न्यायालयाने बंदी योग्य ठरविली, आणि १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरुद्ध निकाल दिले. त्यांपैकी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी मुलीचे शिक्षण हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर येथील एका महाविद्यालयाच्या अशाच नियमाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, व हिजाब आणि टोपी यांवरील बंदीस ऑगस्टमध्ये तात्पुरती स्थगिती मिळाली.

अशा तंट्यांत फ्रान्सचा दाखला आपल्याकडे वारंवार दिला जातो, पण तो अर्धाच दिला जातो. फ्रान्सने मुलाच्या माथ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी सव्वाशे वर्षे आपल्या भिंती मोकळ्या केल्या, शिक्षकास मौन पाळावयास लावले, प्रार्थना शाळेबाहेर नेली. आपल्या कितीतरी शाळांत सरस्वतीपूजन होते, देवदेवतांच्या तसबिरी असतात, आणि शिक्षकाच्या कपाळी गंध अथवा गळ्यात माळ असणे कोणासही खटकत नाही. त्यात कोणाचा द्वेष नसतो. तो आपला जीवनक्रम आहे. परंतु जी शाळा स्वतः इतक्या सहजतेने धर्मचिन्हे धारण करते, तिने एका मुलीच्या रुमालापुरती फ्रान्सची शिस्त आणावी, यात ना फ्रान्सचे तत्त्व उरते ना आपल्या घटनेचे.

मुसलमान स्त्रीवरील दबाव ही काल्पनिक वस्तू आहे असे मात्र कोणी समजू नये. १९६६ च्या एप्रिलमध्ये हमीद दलवाई यांनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला आणि तोंडी तलाकाविरुद्ध दाद मागितली. चार वर्षांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. ती चळवळ समाजाच्या आतून उभी राहिली आणि ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांनाच तिने पुढे उभे केले. अशा स्त्रीला सर्वाधिक उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे शिक्षण, आणि म्हणूनच तिचे शिक्षण तुटेल असा नियम तिच्या मुक्तीच्या नावाने करणे मला न्याय्य वाटत नाही.

फ्रान्सच्या एकशेचाळीस वर्षांच्या अनुभवातून मला जो निष्कर्ष निघतो तो असा. सरकारी शाळेतील निधर्मीपणाचे कर्तव्य प्रथम राज्याचे आहे, त्यानंतर त्याच्या नोकराचे आहे, आणि विद्यार्थ्यावर त्याचा भार टाकावाच लागला तर तो त्याच्या वर्तनापुरता टाकावा: दुसऱ्यास धमकावणे, पाठ नाकारणे, वर्ग बंद पाडणे यांस कठोर मज्जाव असावा आणि त्या मज्जावाची अंमलबजावणी करणाऱ्या मुख्याध्यापकास एकटे सोडता कामा नये. मध्यस्थीचे काम करणारी माणसे, त्यांना लागणारा वेळ आणि वेतन, दबावाखाली असलेल्या मुलीला विश्वासाने बोलता येईल अशी शिक्षिका, या गोष्टी कायद्याहून महाग आहेत आणि निवडणुकीत त्यांना टाळी मिळत नाही. तरीही मुलींना शाळेत टिकवून धरण्याचे काम त्याच करतात. आणि शाळेचे कोणतेही धोरण अखेर याच कसोटीवर तपासले पाहिजे की, ते लागू झाल्यानंतर वर्गातील किती मुली शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या आणि किती जणींची नावे मध्येच हजेरीपटावरून कमी झाली.